फीत कापण्यापूर्वी

माझ्या दुकानातल्या गल्ल्याशेजारच्या खणात एक गंजलेले कुलूप पडलेले आहे. गिऱ्हाईक नसले म्हणजे ते हाताला लागते आणि मी खण पुन्हा लोटून देतो. कुलूप पाच लिव्हरचे, चांगल्या कंपनीचे आहे. मीच ते माझ्या दुकानातून फुकट दिले होते. त्याची हकिगत सांगायची म्हणजे स्वतःचीच फजिती सांगायची आहे. पण आता वय सत्तरीकडे झुकले, आता फजितीला काय भ्यायचे!

साताऱ्याच्या पूर्वेला जो दुष्काळी पट्टा आहे, त्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी पाइप, नळ आणि मोटारी विकतो. आमच्या गावात सेवाभावी मंडळींचा एक क्लब आहे. त्याच्या बिल्ल्यावर चाक आहे की सिंह, हे मी सांगणार नाही. डॉक्टर, वकील, दोन अडत दुकानदार, एक निवृत्त मुख्याध्यापक आणि माझ्यासारखे फुटकळ व्यापारी, अशी आमची वीस-पंचवीस जणांची सभा दर गुरुवारी भरते. 2012 साली मी अध्यक्ष झालो. बायकोने नवा सफारी शिवायला लावला, यावरून आमच्या उत्साहाची कल्पना यावी!

अशा क्लबात अध्यक्षाचे वर्ष 1 जुलैला सुरू होते आणि 30 जूनला संपते. एवढ्या वेळात आपल्या नावाची कोनशिला कुठेतरी बसली पाहिजे, ही प्रत्येकाची मनातली इच्छा असते, माझीही होती. तालुक्यातल्या एका खेड्यातल्या शाळेत मुलींसाठी संडास नाहीत, असे कोणीतरी सांगितले. युरोपातल्या एका लहान गावच्या क्लबाशी आमचा पत्रव्यवहार होताच. त्यांनी रीतसर नोंदणी असलेल्या एका संस्थेमार्फत तिसरा हिस्सा दिला, बाकीचा आम्ही जमवला. एप्रिलात पाया खणला आणि जूनमध्ये फीत कापली. सहा संडास, गुलाबी फरश्या आणि दर्शनी भागावर चौदा नावांची संगमरवरी पाटी. माझे नाव वरून दुसरे होते.

पुढच्या फेब्रुवारीत युरोपातले पाहुणे आपले काम पाहायला यायचे ठरले. दोन दिवस आधी मी सहज चक्कर टाकावी म्हणून गेलो, तर सहाही दारे बंद आणि बाहेरच्या जाळीला माझे कुलूप! किल्ली कोणाकडे, हे कोणालाच ठाऊक नाही. मुख्याध्यापकांची बदली झालेली, शिपाई रजेवर. गावच्या विहिरीचे पाणी जानेवारी सरता सरता आटते आणि मग दोन दिवसांआड टँकर येतो, हे मला त्या दिवशी कळले. जन्मभर नळ विकणाऱ्या माणसाने नळ बसवले, पण नळात पाणी कोठून येणार हे विचारले नाही! शाळेमागे बाभळींच्या आडोशाला पायवाट पडली होती. ती कशाची, हे विचारण्याची गरज नव्हती.

तेथे शेळ्या घेऊन एक बाई उभ्या होत्या. मी जरा चिडूनच म्हणालो, “अहो, एवढं बांधून दिलं, तर तुम्ही वापरत का नाही?”

त्या म्हणाल्या, “पाणी न्हाई तिथं काय वापरायचं सायेब? तुमी इचारलं असतं तर सांगितलं असतं की आमी.”

येथेच हकिगत संपली असती, तर मी तिला नुसती चूक म्हटले असते. पण पुढे जे केले त्याला चूक म्हणता येत नाही. मी कुलूप फोडले, शहरातून पाण्याचा टँकर मागवला, चार माणसे लावून संडास धुऊन घेतले आणि दारांना झेंडूच्या माळा बांधल्या. पाहुणे आले, मुलींनी स्वागतगीत म्हटले, फोटो निघाले. पाहुण्यांत एक वयस्क बाई होत्या, आयुष्यभर परिचारिकेचे काम केलेल्या. सगळे चहाकडे वळले तेव्हा त्या मागे राहिल्या, एक नळ सोडून बराच वेळ पाहत राहिल्या आणि मग बंद करून निमूट आल्या. परतताना गाडीत त्यांनी मला एवढेच विचारले, “किल्ली कोणाकडे असते?” मी म्हणालो, “मुख्याध्यापकांकडे.” त्या खिडकीबाहेर पाहू लागल्या. फोडलेले कुलूप तेव्हा माझ्या खिशात होते.

या सेवेच्या धंद्यात शौचकूपाचे स्थान मोठे जुने आहे, हे मी नंतर वाचले. 1905 साली शिकागोत पॉल हॅरिस या वकिलाने रोटरी क्लब काढला. तेथल्या मंडळींनी 1907 साली जे पहिले लोकोपयोगी काम हाती घेतले, ते शहरात सार्वजनिक शौचालये बांधून घेण्याचे. दारूच्या गुत्तेवाल्यांचा आणि मोठ्या दुकानदारांचा त्याला विरोध होता. आमच्याकडे सोय आहेच, ती वापरायला लोक आत येतात आणि चार पैसे खर्च करून जातात, हे त्यांचे म्हणणे. ते काम पुरे व्हायला दोन वर्षे लागली. आम्ही अडीच महिन्यांत उरकले होते!

2015 साली क्लबाने सेवा प्रकल्पांची समिती माझ्याकडे दिली. मी दोन अटी घातल्या. समिती तीन वर्षांची असावी, आणि कोणत्याही कामावर मागचा, चालू आणि पुढचा अशा तिन्ही अध्यक्षांच्या सह्या असाव्यात. सभेत बरीच खडाजंगी झाली. आमच्या वकीलसाहेबांनी घटनेतले कलम काढून दाखवले. निवृत्त मुख्याध्यापक माझ्या बाजूने उभे राहिले म्हणून निभावले.

मग मी त्याच खेड्यात पुन्हा गेलो. या वेळी सरपंचांकडे चहाला गेलो नाही. ग्रामसभेत पुरुष बोलतात आणि बायका पदर सावरून मागे बसतात. तेव्हा रात्री भाकऱ्या उरकल्यावर मारुतीच्या पारापासून दूर, एका अंगणात बायकांना जमवले. क्लबातल्या डॉक्टरीणबाई बरोबर होत्या. मी बोललोच नाही. बोललो असतो तरी कोणी उत्तर दिले नसते. बाईंनी रांगोळीने जमिनीवर गावाचा नकाशा काढायला सांगितला. शाळा, विहीर, ओढा, टँकर थांबण्याची जागा, कोणाचे घर कोठे, हे सारे बायकांनी भराभर काढले. त्या नकाशात एक गोष्ट उघड झाली. टँकर थांबतो वरच्या आळीत आणि शाळा खालच्या वस्तीला. टँकरचे पाणी शाळेपर्यंत कधी पोचणारच नव्हते. दुसरी गोष्ट बाईंनी मुलींशी वेगळे बसून काढली. सातवी-आठवीच्या मुली महिन्यातले चार दिवस घरी राहतात आणि हळूहळू कायमच्याच घरी राहतात. चौदा नावांच्या पाटीखाली हे चालले होते.

‘आधी विचारा’ हे तंत्र आमचे नव्हे. मोठ्या संस्थांनी ठेच खाऊनच ते नियमात घातले आहे. रोटरी फाउंडेशनचे मोठे जागतिक अनुदान हवे असेल, तर कामाचा एकूण खर्च निदान 30,000 डॉलर असावा लागतो. काम जेथे व्हायचे तेथला एक क्लब आणि परदेशातला एक, असे दोन जामीनदार लागतात. आणि लोकांची गरज काय आहे याची पाहणी अर्जाच्या आधी करावी लागते, नंतर नव्हे. आमचे काम त्या मानाने चिमुकले होते. पण नियम उसना घ्यायला पैसे पडत नाहीत.

दुसरा धडा पोलिओच्या डोसांनी शिकवला. रोटरीने 1979 साली फिलिपाइन्समध्ये पोलिओच्या लसीकरणाला सुरुवात केली आणि 1985 साली साऱ्या जगासाठी मोहीम उघडली. आपल्या देशातला शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी हावड्याला सापडला आणि 27 मार्च 2014 रोजी आपला भाग पोलिओमुक्त जाहीर झाला. त्या रविवारच्या बूथवर मी कित्येक वर्षे बसलो आहे. पोरांच्या करंगळीला शाई लावण्यात मौज वाटे. पण खरे काम सोमवारपासून असे. घरोघर जाऊन दारावर खडूने खूण करायची. सगळी मुले झाली तर ‘पी’, एखादे राहिले तर फुली. मोहिमेचा जीव त्या फुल्यांत होता. किती डोस दिले याची फुशारकी पुष्कळ जण मारत. कोण राहिले याची यादी घेऊन पुन्हा त्याच दारात जाणारी सेविका मात्र उन्हात एकटी चालत असे.

आता पाण्याचा हिशेब. हा माझ्या धंद्यातला, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. शाळेचे छप्पर 200 चौरस मीटर. आमच्याकडे वर्षाचा पाऊस 500 मिलिमीटर धरला तर एक लाख लिटर. पन्हळीतून सांडण्या-उडण्यात पाचवा हिस्सा गेला तरी 80,000 उरतात. मुले 140. दर मुलामागे दिवसाला पाच लिटर आणि विहीर आटल्यापासून एप्रिल अखेरपर्यंत शाळेचे दिवस सुमारे सत्तर. गुणाकार करा, 49,000 लिटर होतात. म्हणजे 50,000 लिटरची झाकलेली टाकी पावसाळ्यात भरून ठेवली आणि विहिरीला पाणी आहे तोवर तिला हात लावला नाही, की उन्हाळा निघतो. पाऊस दगा देईल त्या वर्षी टँकरच्या दोन खेपा शाळेसाठी राखून ठेवायच्या, असा ठराव ग्रामपंचायतीकडून लेखी घेतला. क्लबातल्या काहींना बोअर हवी होती. बोअरला पाणी लागले की कारंजे उडते, त्याचा फोटो चांगला येतो. टाकीचा फोटो कसला काढणार!

पाटीवरून तर भांडणच झाले. नाव लावणार नसाल तर माझे चाळीस हजार परत द्या, असे एका अडत्याने सांगितले. आम्ही परत दिले. ते चाळीस हजार भरून काढायला आम्हाला दोन दिवाळ्या लागल्या.

युरोपातल्या क्लबाला मी सविस्तर पत्र लिहिले आणि त्यात टँकर, झेंडूच्या माळा, सगळे कबूल केले. ते पत्र लिहायला मला अकरा दिवस लागले. तिकडून उत्तर आले, ते त्या परिचारिकाबाईंचे. “मला ठाऊक होते. नळाचे पाणी चहा होईपर्यंत पुरले नाही,” असे त्यांनी लिहिले होते. पुढे टाकीचा खर्च विचारला होता. त्यांच्या क्लबातल्या इतरांना मात्र वीस जुने संगणक पाठवायचे होते आणि बारा तरुण पोरे भिंती रंगवायला. दिवसातून सहा तास वीज नसलेल्या शाळेत संगणक कशाला, हे कळवणे सोपे गेले. रंगाऱ्यांचे अवघड होते. गावात चार रंगारी कामावाचून बसलेले असताना हजारो मैलांवरून पोरांनी येऊन भिंती रंगवायच्या, हे मला पटेना.

परदेशी हातांना माझा विरोध नाही. पिएर सेरेसोल या स्विस गृहस्थाने 1920 साली व्हर्दंजवळच्या एस्न या उद्ध्वस्त फ्रेंच खेड्यात निरनिराळ्या देशांचे स्वयंसेवक नेले, त्यांत काल-परवापर्यंत शत्रू असलेले जर्मनही होते. काही महिन्यांत ते काम आवरते घ्यावे लागले, पण त्यातून पुढे सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही संस्था उभी राहिली. हाच माणूस 1934 च्या भूकंपानंतर बिहारमध्ये आला आणि खेडी पुन्हा उभारण्यासाठी आपल्या माणसांबरोबर फावडे घेऊन उभा राहिला. आणि आपल्याकडून कोणी गेले नाही असे थोडेच आहे! सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस 1938 साली काँग्रेसच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि 1942 साली तेथेच वारले. त्यांनी तिकडे कोणाच्या भिंती रंगवल्या नाहीत. जे काम तेथे कमी होते ते केले.

शेवटी पोरे आली, पण सहाच, आणि गावच्या गवंड्याच्या हाताखाली. तो त्यांना “ए गोऱ्या, घमेलं उचल” म्हणे आणि ती उचलत. रंग गावच्या रंगाऱ्यांनीच दिला, मजुरी घेऊन. पैशांच्या बाबतीत मात्र सावध राहावे लागते. परदेशी देणगीचा 2010 चा कायदा कडक आहे, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर असा पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो; एका नोंदणीकृत संस्थेकडून दुसरीकडे वळवताही येत नाही. नव्या मंडळींनी पत्रव्यवहार सुरू करण्यापूर्वी हिशेबनिसाला गाठावे. आमच्यासारखा आधी हार आणि मग हिशेब करू नये.

टाकी 2017 च्या जूनमध्ये पुरी झाली. फीत नव्हती, पहिल्या मोठ्या सरीला गावची पोरे पन्हळीखाली नाचली, तेच उद्घाटन. किल्ली बचत गटाकडे दिली. झाडलोट करणाऱ्या बाईंचा पगार ग्रामपंचायत आणि आमची मुदत ठेव मिळून देतात. कधी उशीर होतो, मग बाई काम बंद ठेवतात आणि पगार येतो. मला हे तंत्र आवडले.

परवा त्या बाजूला गेलो होतो. किल्ली त्या शेळ्यांवाल्या बाईंच्या घरी खिळ्याला असते. मी मागितली. त्यांनी मला ओळखले की नाही, कोण जाणे. त्यांनी आतून एक वही आणून पुढे केली आणि म्हणाल्या, “आदी नाव लिवा. कशापायी पायजे त्ये बी लिवा.”

वहीत माझ्या वर अंगणवाडीच्या ताईंचे नाव होते. त्याखाली मी माझे लिहिले, आणि शेवटच्या रकान्यात, “पाणी बघायला.”