जबाबदारी नेमकी कोणाची?

रुग्णसेवेत ‘हे काम सर्वांचेच आहे’ असे म्हटले, की ते पुष्कळदा कोणाचेच राहत नाही. घरी परतलेल्या रुग्णाची जखम दुसऱ्या दिवशी कोणी पाहावयाची हे ठरलेले नसेल, तर त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते. म्हणूनच अधिकाऱ्याविना चालणाऱ्या गटांत कामाची वाटणी कशी होते, हे समजून घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

नेदरलँड्समध्ये योस द ब्लोक या परिचारकाने २००६ साली ‘ब्यूर्तझोर्ख’, म्हणजे ‘शेजारसेवा’, ही संस्था स्थापन केली. तेथे जास्तीत जास्त १२ परिचारिकांचा गट आपल्या परिसरातील रुग्णांची घरी जाऊन शुश्रूषा करतो. गटावर अधिकारी नसतो; भूमिका मात्र निश्चित असतात. रुग्णसेवा प्रत्येकीने करावयाचीच. त्याखेरीज कोणी वेळापत्रक आखते, कोणी जमाखर्च व साहित्य पाहते, कोणी कामाच्या तासांवर लक्ष ठेवते, तर कोणी नवागतांना मार्गदर्शन करते. या भूमिका आळीपाळीने सोपविल्या जातात. त्यामुळे एकीच्याच हाती अधिकार साचत नाही. अडचण आल्यास सल्लागार साहाय्य करतात, परंतु निर्णय गटच घेतो.

अधिकारपद नसणे म्हणजे जबाबदारी नसणे नव्हे, हा यातील बोध आम्हांस मोलाचा वाटतो. प्रत्येक कामापुढे एक नाव आणि ते बदलण्याची तारीख एवढे जरी कक्षातील फलकावर लिहिले, तरी ‘आता कोणाला विचारावे?’ या विवंचनेतून रुग्णाचे नातेवाईक सुटतील.