गार्स्टँग येथील न्याय्य खरेदी

इंग्लंडांतील लँकेशायर परगण्यांत गार्स्टँग नांवाचें बाजारपेठेचें लहानसें गांव आहे. इ. स. २००० च्या एप्रिलांत तेथील रहिवाशांनीं जाहीर सभेंत ठराव करून तें जगांतील पहिलें 'न्याय्य व्यापाराचें गांव' म्हणून घोषित केलें. चहा, कॉफी वा चॉकलेट घेतांना पिकविणाराच्या पदरीं काय पडलें हें पाहावयाचें, हा त्यांचा संकल्प.

चॉकलेट ज्यापासून होतें त्या कोकोस या व्यापारांत किमान दर बांधलेला असतो. बाजार कितीही उतरो, त्याखालीं खरेदी होत नाहीं. चढला तर चढा भाव मिळतो. शिवाय कांहीं जादा रक्कम शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेस मिळते. तींतून विहीर बांधावी कीं शाळा, हें सभासदच ठरवितात. असा माल पुष्कळदां चार पैसे महाग पडतो, आणि गरीब गृहिणीस तें जाणवतें, हें आम्ही नाकारीत नाहीं.

परंतु गार्स्टँगच्या भोंवतालच्या शेतकऱ्यांनाच त्या वेळीं दुधाचा भाव पुरत नव्हता. मग परदेशच्या शेतकऱ्याची काळजी आधीं कां? चळवळीचे प्रवर्तक ब्रूस क्रॉदर हे पशुवैद्य. दूधवाल्यांचें दुःख त्यांस परकें नव्हतें. दोघांचाही भाव तिसराच कोणी ठरवितो, हें ओळखून चळवळीनें स्थानिक मालाचीही बाजू घेतली. आणि गांवानें पुढें आफ्रिकेंतील घाना देशाच्या न्यू कोफोरिडुआ या कोको पिकविणाऱ्या गांवाशीं स्नेहसंबंध जोडला.