सुट्या विटांतला जटपुरा दरवाजा

चंद्रपूरच्या जटपुरा दरवाजातून रोज असंख्य माणसे ये-जा करतात. शाळेच्या रिक्षा, भाजीच्या हातगाड्या, दुकान उघडण्याच्या घाईत निघालेले व्यापारी, सारे त्या दगडी कमानीखालून पुढे जातात. मान वर करून कमानीकडे पाहणारा मात्र क्वचितच आढळतो. दरवाजावर कोरलेले, हत्तीला नमविणाऱ्या सिंहाचे गोंड राजचिन्ह शेकडो वर्षे तेथे आहे. पण त्याच शहरात वाढलेल्या दहा वर्षांच्या मुलाला त्याविषयी विचारले, तर उत्तर मिळेलच अशी खात्री नाही.

हाच दरवाजा प्लास्टिकच्या खेळण्यातल्या विटांनी उभा करायचा, असे त्या मुलाने ठरविले की चित्र पालटते. कमान जमिनीपासून किती उंचीवर वळते? बुरूज गोल आहेत की अनेक कोनांचे? दगडांचे थर किती? असे प्रश्न एकामागून एक उभे राहतात आणि त्यांच्या उत्तरांसाठी दरवाजापाशी जाऊन उभे राहावेच लागते. घरोघरी नुसते ‘ब्लॉक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या खेळण्याचे खरे मोल येथे आहे.

या विटांचा इतिहास व्यापारी कुटुंबांनी आवर्जून वाचावा असा आहे. डेन्मार्कमधील बिलुंड या लहानशा गावात ओले किर्क क्रिस्तियानसेन या सुताराने मंदीच्या काळात, १९३२ साली, लाकडी खेळणी करण्यास प्रारंभ केला. ‘चांगले खेळा’ या अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांवरून त्याने आपल्या मालाला ‘लेगो’ हे नाव दिले. १९४९ साली प्लास्टिकच्या विटा आल्या. ती कल्पना मूळची त्याची नव्हती. इंग्लंडमधील हिलरी पेज याने तशा विटा आधीच बाजारात आणल्या होत्या. शिवाय या पहिल्या विटा आतून पोकळ असल्याने एकमेकींना घट्ट धरत नसत आणि रचना सहज कोसळे. विटेच्या पोटात पोकळ नळ्या बसविल्या, तर खालच्या विटेचे गोल खुंट त्यांच्यामध्ये अडकून राहतात, हे पुढे ध्यानात आले. या रचनेच्या पेटंटचा अर्ज २८ जानेवारी १९५८ रोजी दाखल झाला. त्या वर्षीची वीट आजच्या विटेला आजही घट्ट बसते. दोन पिढ्यांहून अधिक काळ एकच माप सांभाळणे, ही कोणत्याही कारखानदाराच्या सचोटीची मोठी कसोटी होय.

माप साधे आहे. दोन खुंटांमधील अंतर ८ मिलिमीटर, विटेची उंची ९.६ मिलिमीटर आणि चपट्या पट्टीची उंची त्याच्या एक तृतीयांश, म्हणजे ३.२ मिलिमीटर. एवढ्या भांडवलावर जे उभे राहते ते थक्क करणारे आहे. आठ खुंटांच्या, एकाच रंगाच्या दोन विटा २४ प्रकारे जोडता येतात, तीन विटा १,०६० प्रकारे आणि सहा विटा ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ प्रकारे. हा आकडा कोपनहेगन येथील गणितज्ञांनी संगणकाच्या साहाय्याने काढला.

तरीही, इतक्या शक्यता हाताशी असलेली ही कंपनी २००३-०४ च्या सुमारास दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली. नव्याच्या हव्यासापायी सुट्या तुकड्यांचे प्रकार बारा हजारांच्या पुढे गेले. प्रत्येक नव्या तुकड्याला नवा साचा, नवा साठा आणि नवे भांडवल लागे, आणि त्यांतील कित्येक तुकडे एखाद्याच खेळण्यात उपयोगी पडत. २००४ साली सूत्रे हाती घेतलेल्या नव्या व्यवस्थापकाने हे प्रकार मोठ्या प्रमाणात कमी केले आणि लक्ष पुन्हा मूळ विटेकडे वळविले. गोदामात अडकून पडलेला माल म्हणजे गोठलेला पैसा, हे किराणा किंवा कापडाच्या पेढीवर बसणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

कंपनी सावरत असताना छांदिष्टांची साथ मोलाची ठरली. जगभर हजारो प्रौढ माणसे या विटांनी स्वतःच्या कल्पनेतील रचना करीत होती. न्यूयॉर्कचा वकील नेथन सवाया याने वकिली सोडून विटांची शिल्पे हेच आपले जीवितकार्य मानले. शिकागोचा वास्तुविशारद ॲडम रीड टकर याच्या प्रतिकृतींतून २००८ साली प्रसिद्ध इमारतींची स्वतंत्र मालिका सुरू झाली. त्याच वर्षी आलेला ताजमहालाचा संच ५,९२२ तुकड्यांचा होता आणि तोपर्यंतच्या संचांत तो सर्वांत मोठा ठरला. पुढे कंपनीने या छांदिष्टांसाठी दारच उघडले. स्वतःची रचना मांडावी, तिला १० हजार लोकांचा पाठिंबा मिळाला तर कंपनी तिचा विचार करते, आणि ती बाजारात आली तर निव्वळ विक्रीचा एक टक्का रचनाकाराला मिळतो.

येथे एक भेद नीट ध्यानी घ्यायला हवा. तयार संच आणून, पुस्तिकेतील चित्रे पाहत तुकडे जोडणे ही खरेदी आहे. त्याने हाताला वळण लागते, संयम येतो, हे खरे. पण छंद सुरू होतो तो पुस्तिका बाजूला ठेवल्यावर. ताजमहालाच्या संचात आग्र्याचा विचार दुसऱ्या कोणीतरी आधीच करून ठेवलेला असतो. जटपुऱ्याचा संच कोणत्याही दुकानात मिळत नाही, आणि म्हणूनच त्याचा विचार चंद्रपूरच्या मुलालाच करावा लागतो.

हा विचार हिशेबापासून सुरू होतो. समजा, दरवाजाची उंची २० फूट धरली आणि प्रतिकृती मूळच्या चाळिसाव्या भागाइतकी करायची ठरविली. २० फूट म्हणजे सुमारे ६,१०० मिलिमीटर. त्याचा चाळिसावा भाग १५२ मिलिमीटर. त्याला विटेच्या ९.६ मिलिमीटर उंचीने भागले की जवळजवळ १६ थर येतात. बुरुजाची रुंदी मात्र ९.६ ने नव्हे, ८ ने भागावी लागते. ही चूक जवळपास प्रत्येक नवशिक्या करतो आणि त्याचा बुरूज जाड किंवा बारीक होऊन बसतो. त्रैराशिकाचा असा धडा एकदा हातून गेला की सहसा विसरत नाही.

मग येते कमान. खऱ्या कमानीतले दगड एकमेकांना रेटून उभे राहतात. प्लास्टिकच्या विटेला तसा रेटा देता येत नाही. दोन्ही बाजूंनी प्रत्येक थर थोडाथोडा पुढे सरकवीत नेऊन मध्यावर भेटवावा लागतो, आणि मागच्या बाजूला पुरेसे वजन ठेवावे लागते. तसे केले नाही, तर वरचा थर चढण्याआधीच खालचा सुटतो.

थर पुढे सरकविण्याची ही युक्ती डेन्मार्कची नव्हे. ती पाहायची असेल तर गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुक्यात, वैनगंगेच्या काठी असलेल्या मार्कंडा येथे जावे. नदी येथे उत्तरवाहिनी होते आणि महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. तेथील प्राचीन मंदिरसमूहाला ‘विदर्भाचे खजुराहो’ म्हणतात. त्या काळच्या मंदिरांत चुन्याचा आधार न घेता घडीव दगड एकमेकांत बसविले जात आणि छताचे दगड एकावर एक पुढे सरकवीत अवकाश झाकला जाई. खाच आणि खुंट यांचा हा मेळ पाथरवटांनी कैक शतकांपूर्वी साधला होता. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने मार्कंड्याच्या मुख्य मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी वरचे दगड उतरविले आणि त्यांवर क्रमांक घातले, तेही याच कारणाने. कोणता दगड कोठे बसत होता याची नोंद असेल, तरच मंदिर पुन्हा मंदिर होते. हे काम दीर्घकाळ रेंगाळल्याने भाविकांनी हळहळ व्यक्त केली आहे. ज्या मुलाने आपली रचना एकदा मोडून, नोंदीविना पुन्हा जोडण्याचा प्रयत्न केला असेल, त्याला त्या क्रमांकांचे महत्त्व कोणी समजावून सांगण्याची गरज उरत नाही.

आता खर्चाचा प्रश्न. नामांकित परदेशी संच महाग असतात आणि मोठ्या संचांची किंमत सामान्य कुटुंबाच्या महिन्याच्या खर्चाशी स्पर्धा करते. येथे दोन गोष्टी माहीत असाव्यात. मूळ विटेच्या पेटंटची मुदत केव्हाच संपली असून केवळ विटेच्या आकारावर कायमची मालकी सांगता येत नाही, असा निर्वाळा कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली आणि युरोपीय न्यायालयाने २०१० साली दिला. त्यामुळे त्याच मापाच्या विटा दुसऱ्या उत्पादकाने स्वतःच्या नावाने विकणे गैर नाही. दुसऱ्याचे नाव, बोधचिन्ह आणि खोका यांची नक्कल करणे मात्र गुन्हा आहे. दुसरे असे की, १ जानेवारी २०२१ पासून भारतात १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने, दोघांनीही ते पाहूनच व्यवहार करावा. तीन वर्षांखालील बालकाच्या हाती लहान तुकडे देऊच नयेत.

पैसा नसेल तर छंद अडतो असेही नाही. आयआयटी कानपूरचे अभियंते अरविंद गुप्ता १९७८ साली होशंगाबाद जिल्ह्यातील विज्ञान शिक्षणाच्या उपक्रमात गेले. तेथील आठवडी बाजारात त्यांना सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी दिसली. तिचे लहान तुकडे करून त्यांत दोन्ही बाजूंनी आगपेटीच्या काड्या खुपसल्या की सांधा तयार होतो. काड्यांचा चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण मात्र आपला आकार सोडत नाही. पूल आणि छपरांच्या कैच्या त्रिकोणांच्या का असतात, हे मुलांना त्या दोन रुपयांच्या साहित्यातून उमगले. पुढे पुण्याच्या ‘आयुका’तील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे मुलांसाठी काम केले आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. चंद्रपूर-गडचिरोलीत तर काडीऐवजी बांबूची कामटी सहज मिळते. बुरूड कारागीर पिढ्यान्‌पिढ्या जे विणत आले आहेत आणि चिचपल्लीच्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रात जे शिकविले जाते, तेही सुट्या भागांतून आकार घडविण्याचेच शास्त्र आहे.

घरात या छंदाची खरी अडचण पैशाची नसते, जागेची आणि धीराची असते. अर्धवट रचलेला बुरूज जेवणाच्या वेळी उचलावा लागतो, दिवाळीच्या साफसफाईत मोडतो. पेढीच्या कोपऱ्यातील एक फळी आठ दिवस मोकळी ठेवता आली, तर मुलाचे काम पुरे होते. त्याच्या शेजारी आजोबा बसले, तर थर मोजण्याचे आणि वह्या ठेवण्याचे काम त्यांच्याकडे आपसूक येते.

आणि शेवटी रचना मोडावीही लागते. विटा साठवीत राहिले तर छंदाचा संग्रह होतो आणि संग्रहाला अंत नसतो. जटपुऱ्याच्या विटा सुट्या करून त्यांतूनच मार्कंड्याचे शिखर उभे करावे. दरवाजा गेला, शिखर आले, वीट तीच राहिली. द्रव्य कायम आणि पर्याय बदलता, हे जैन घरांतील मुलाने पाठशाळेत ऐकलेले असते. सोन्याचा घट मोडून मुकुट घडविण्याचा दृष्टांतही त्याच्या कानांवरून गेलेला असतो. येथे ते त्याच्या बोटांना कळते.

चंद्रपूरचा परकोट बराच काळ झाडाझुडपांत हरवला होता. २०१७ साली ‘इको-प्रो’ या स्थानिक संस्थेच्या तरुणांनी श्रमदानाने त्याची स्वच्छता सुरू केली. त्या कामाचा उल्लेख पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये केला, तेव्हा चंद्रपूरकरांनाही आपल्या तटाची नव्याने ओळख झाली. चार दरवाजे आणि पाच खिडक्या असलेला तो तट शाबूत ठेवायचा, तर आधी तो कोणाच्या तरी नजरेत भरला पाहिजे. फळीवर सोळा थरांचा एक दरवाजा उभा असेल, तर दुसऱ्या दिवशी शाळेची रिक्षा जटपुऱ्याखालून जाताना निदान एक मूल मान वर करून सतरावा थर राहिला की काय, हे नक्की मोजून पाहील.