लेसरच्या बादलीतले पाणी

मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी आमच्या सरकारी रुग्णालयात पंचविशीतला एक तरुण आला. हाताला मुंग्या, छातीत धडधड, चेहरा पांढराफटक. "बादलीत हात घातला न् झटका बसला जी, साहेब," एवढेच तो सांगत होता. राळेगावात उन्हाळ्यात झटका म्हटला की पहिला संशय कूलरवर जातो. पण इथे कूलर नव्हता. घरच्या पडवीत त्याने हौसेने लेसर कटिंगचे छोटे यंत्र मांडले होते. त्यावर तो दाराच्या पाट्या, मखराची नक्षी कापायचा. यंत्र चालू असताना बादलीतले पाणी तापले का, हे पाहायला त्याने हात घातला होता.

ईसीजी काढला, काही तास नजरेखाली ठेवले. सुदैवाने सारे ठीक निघाले. निघताना मी विचारले, "त्या बादलीत पाणी कुठले भरतोस?" तो म्हणाला, "बोअरचं. शेवाळ धरू नये म्हणून त्यात गाडीचं कूलंट टाकतो. कोल्ड्रिंकच्या बाटलीत आणून ठेवलंय." त्याच्या घरात चार वर्षांची पुतणी आहे. झटक्यापेक्षा मला त्या बाटलीची धास्ती जास्त वाटली.

या यंत्रात असते काचेची नळी आणि तिच्यात कार्बन डायऑक्साइड वायूचे मिश्रण. हा लेसर १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत कुमार पटेल यांनी शोधला. त्यांचा जन्म बारामतीचा, अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याचे. याच लेसरने शल्यचिकित्सक घशातल्या आणि त्वचेवरच्या गाठी काढतात. नळीला हजारो व्होल्टचा दाब द्यावा लागतो. दिलेल्या विजेतला साधारण दहा ते वीस टक्के भागच प्रकाश होतो, उरलेल्याची उष्णता होते. ती वाहून नेण्यासाठी नळीभोवती पाणी खेळवतात. शरीरात रक्त करते तेच काम हे पाणी करते. ते थांबले किंवा तापले की आधी लेसरचा जोर कमी होतो आणि मग काच तडकते.

नळीसाठी १५ ते २५ अंश सेल्सिअसचे पाणी चांगले. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४४-४५ वर असतो. त्यामुळे नुसता पंखा असलेला स्वस्त चिलर इथे कुचकामी ठरतो, कारण तो पाणी खोलीतल्या हवेपेक्षा गार करू शकत नाही. चाळीस वॅटचे यंत्र सलग तासभर चालवले तर वीस लिटर पाणी दहा अंशांहून अधिक तापू शकते. कॉम्प्रेसरचा चिलर परवडत नसेल तर काम पहाटे करावे. बादली मोठी घ्यावी आणि घट्ट झाकणाच्या बाटल्यांत पाणी गोठवून त्या बादलीत सोडाव्यात. पावसाळ्यात मात्र उलटी काळजी घ्यावी लागते. फ्रिजमधून काढलेल्या तांब्याला घाम फुटतो, तसा फार गार नळीलाही दमट हवेत फुटतो आणि त्या ओलाव्यातून वीज उडी मारते. नळीवर दव दिसले की यंत्र बंद करून पाण्याचे तापमान थोडे वाढवावे.

आता पाणी कोणते? बोअरचे पाणी जड असते. त्यातले क्षार काचेवर थर धरतात आणि त्या थरामुळे उष्णता पाण्यात नीट उतरत नाही. क्षारयुक्त पाण्यातून वीजही सहज वाहते. कुठे गळती असेल, अर्थिंग नसेल तर ती थेट बादलीत हात घालणाऱ्यापर्यंत पोहोचते. म्हणून इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर वापरावे. शेजारीच मिळणारे बॅटरीचे अॅसिड चुकून आणू नये. पाणी ढगाळ किंवा हिरवे दिसले की बदलावे. बादली अपारदर्शक ठेवावी आणि तिच्यावर ऊन पडू देऊ नये, म्हणजे शेवाळ कमी धरते.

कूलंट मात्र नकोच. थंड प्रदेशात पाणी गोठू नये म्हणून ते घालतात. राळेगावात कुठले पाणी गोठणार! बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड, रंगाने सरबतासारखे. पोटात गेल्यावर आधी दारू चढल्यासारखी झिंग येते, उलट्या होतात. यकृतात त्याचे ऑक्झॅलिक आम्ल तयार होते, त्याचे स्फटिक मूत्रपिंडात साचतात आणि दोन-तीन दिवसांत लघवी बंद पडू शकते. लहान मुलाला थोडेसेही घातक ठरते. कोणी प्यायल्याचा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट पाहू नये, घरी उलटी करवू नये. बाटली सोबत घेऊन तडक रुग्णालयात यावे. वेळेत आल्यास औषधाने, गरज पडल्यास डायलिसिसने जीव वाचतो.

तिसरा धोका डासांचा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास उडतात. हौसेचे यंत्र पंधरा पंधरा दिवस बंद राहते, बादली मात्र भरलेलीच असते. तिला घट्ट झाकण हवे. घरातल्या रांजणाबरोबर आणि कूलरबरोबर 'कोरड्या दिवशी' तीही रिकामी करून घासावी.

विजेची बाजू जाणत्या वायरमनकडून तपासून घ्यावी. पक्के अर्थिंग, गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि पाण्याचा प्रवाह थांबताच लेसर बंद करणारा स्विच, या तीन गोष्टी हव्यातच. वीज जाऊन परत आली की आधी पंप चालू झाला का ते पाहावे. पाण्याला हात लावण्यापूर्वी प्लग काढावा. कोणाला झटका बसलाच तर त्याला हाताने ओढू नये. आधी मेन स्विच बंद करावा, श्वास नसेल तर छाती दाबायला सुरुवात करावी आणि १०८ ला फोन करावा. माणूस उठून बसला तरी एकदा ईसीजी काढून घ्यावा.

तो तरुण महिनाभराने रक्तदाब तपासायला आईला घेऊन आला. कूलंटची बाटली गॅरेजवाल्याला परत केली होती, अर्थिंग नवे घातले होते. "आता बादलीत थर्मामीटर सोडलाय साहेब," तो म्हणाला, "हात घालायची गरजच नाही पडत."