शोधयंत्रातील क्रम आणि वाचकाची गरज

महाजालावर शोधयंत्रात दोन-चार शब्द लिहिले की काही क्षणांत पानांची यादी समोर येते. त्या यादीत कोणते पान वर आणि कोणते खाली, हे ठरविण्याचे नियम वेळोवेळी बदलत असतात. हा विषय केवळ संगणक विभागाचा नव्हे. शिष्यवृत्तीची अंतिम तारीख, प्रवेशासाठी लागणारे दाखले, आजाराची लक्षणे आपले विद्यार्थी व त्यांचे पालक याच यादीत शोधतात, आणि जे वर दिसते ते खरे मानून चालतात.

सुरुवातीची बरीच शोधयंत्रे मुख्यतः पानावरील शब्द जुळवून पाहत. लॅरी पेज व सर्जी ब्रिन यांनी १९९८ मध्ये गूगल कंपनी स्थापन केली, ती स्टॅनफर्ड विद्यापीठात सुचलेल्या एका वेगळ्या कल्पनेवर. एखाद्या पानाकडे इतर किती पाने दुवा देतात आणि दुवा देणारी पाने स्वतः किती वजनदार आहेत, हे त्यांनी मोजले. संशोधनपत्रिकेच्या वाचकांना ही कल्पना परकी वाटू नये. ज्या लेखाचा हवाला इतर अभ्यासक देतात तो लेख महत्त्वाचा, या विचारावर यूजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्येच विज्ञानलेखांच्या हवाल्यांची सूची करण्याची सूचना मांडली होती.

मात्र मोजणी कशाची होते हे कळले की माणसे तेवढेच वाढवितात. दुव्यांची खरेदी-विक्री सुरू झाली. पांढऱ्या पानावर पांढऱ्याच अक्षरांत एक शब्द पुन्हा पुन्हा लपविला जाऊ लागला. काही कंपन्या तर लोक काय शोधतात हे पाहून रोज ढिगाने उथळ लेख लिहवून घेऊ लागल्या. अपेक्षित प्रश्नसंचावर परीक्षा पार पाडण्याचा प्रकार शिक्षकांना ठाऊक आहेच. हा त्याचाच भाऊबंद.

फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलने ‘पांडा’ नावाचा बदल केला. अमेरिकेतील सुमारे १२ टक्के शोधांवर त्याचा परिणाम झाला व उथळ लेखांचे कारखाने खाली घसरले. त्यावेळी शोधविभागाची धुरा असलेले, मूळ झाशीचे अमित सिंघल यांनी मे २०११ मध्ये लेखकांनी स्वतःला विचारावेत असे २३ प्रश्न प्रसिद्ध केले. त्यांतील एकाचा आशय असा की, हा मजकूर छापील मासिकात, ज्ञानकोशात किंवा पुस्तकात शोभेल काय? यंत्राने छापील पानाची कसोटी मागावी, हे मुद्रितशोधनाची सवय असलेल्यांना सुखावणारे आहे. पुढे एप्रिल २०१२ मधील ‘पेंग्विन’ने बनावट दुव्यांना चाप लावला.

भाषेच्या अध्यापकाला सर्वांत लक्षणीय वाटावा असा बदल ऑक्टोबर २०१९ मध्ये आला. त्याचे नाव ‘बर्ट’. ब्राझीलच्या प्रवाशाला अमेरिकेत जाण्यासाठी व्हिसा लागतो का, या प्रश्नाला पूर्वी अमेरिकनांच्या ब्राझील प्रवासाची पाने उत्तरादाखल येत; कारण ‘कडे’ या अर्थाच्या छोट्या इंग्रजी शब्दाकडे यंत्राचे दुर्लक्ष होई. मराठीत हा प्रश्न अधिक बिकट आहे. ‘बेळगावहून पुण्याला’ आणि ‘पुण्याहून बेळगावला’ यांत नावे तीच आहेत. प्रवासाची दिशा केवळ प्रत्ययांत आहे. उर्दूतही ‘से’ची जागा हलली की प्रवास उलटा होतो. वाचकाची गरज बहुधा अशा लहान शब्दांत दडलेली असते. डिसेंबर २०१९ मध्ये ही पद्धत ज्या सत्तरहून अधिक भाषांना लागू झाली, त्यांत मराठी व उर्दू दोन्ही आहेत.

ऑगस्ट २०२२ मध्ये ‘उपयुक्त मजकूर’ या नावाने आणखी एक बदल इंग्रजीसाठी आला, डिसेंबरमध्ये तो सर्व भाषांना लागू झाला आणि मार्च २०२४ मध्ये मुख्य पद्धतीतच मिसळला. लेख माणसासाठी लिहिला आहे की क्रमासाठी, हा त्यातील मूळ प्रश्न. ठरावीक शब्दसंख्येला पसंती नाही, असे गूगलने स्पष्ट केले आहे. मजकूर न बदलता केवळ तारीख बदलून पान ताजे भासविणे हेही दोषास्पद ठरविले आहे. शिष्यवृत्तीच्या बाबतीत हा दोष साधा नाही. गेल्या वर्षीच्या माहितीवर यंदाची तारीख चिकटविलेले पान वाचून अर्ज करणाऱ्या मुलीचे वर्ष वाया जाऊ शकते.

हा न्याय नेहमी अचूक होतो असे नाही. सप्टेंबर २०२३ च्या बदलानंतर अनेक छोट्या, स्वतंत्र संकेतस्थळांनी वाचक एकाएकी घटल्याची तक्रार केली. यंत्र उपयुक्ततेच्या खुणा पाहते. प्रत्यक्ष उपयुक्तता पाहणे अजून त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे.

आपली अडचण त्याही अलीकडची आहे. कित्येक उर्दू वृत्तपत्रांनी वर्षानुवर्षे इनपेजमध्ये जुळविलेली पाने महाजालावर चित्ररूपाने चढविली. मराठीतही युनिकोडपूर्व फॉन्टमधील मजकूर यंत्राला निरर्थक रोमन अक्षरांसारखा दिसतो. असा लेख कितीही गरजेचा असला तरी क्रमाच्या स्पर्धेत तो जवळजवळ उतरतच नाही. महाविद्यालयांच्या व संस्थांच्या जुन्या अंकांतील लेख युनिकोडमध्ये पुन्हा टंकित करणे, शीर्षकात वाचक विचारील तो प्रश्न सरळ लिहिणे आणि उत्तर पहिल्या परिच्छेदात देणे, एवढे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडून एका सत्रात सुरू करून घेता येईल.