वाळू परत येते, पण कोणती?

रायगड जिल्ह्यातल्या मांदाडहून होडीने दिघीकडे निघालं की राजपुरी खाडी रुंदावत जाते, आणि होडीत कुणीतरी हमखास म्हणतं, “वाळू उचलली तर बिघडलं काय? पावसाळ्यात नदी परत आणून टाकते.” तळा गावच्या बाजारात हेच ऐकू येतं, दिवेआगरला घर बांधायला निघालेल्यांकडूनही हेच. हे चूक आहे. या एका समजुतीपायी किनारे खरवडले जातात, म्हणून आधी तिचाच निकाल लावू.

ओहोटीला मांदाडचा काठ नीट पाहा. तिथे वाळू नाही, गुडघाभर चिखल आहे. त्यावर निवट्या (चिखलातले मासे) उड्या मारतात आणि तिवरांची मुळं खुंट्यांसारखी वर आलेली दिसतात. मांदाडची नदी आखूड. पावसात तिचं पाणी तांबडं होतं ते मातीमुळे. ही बारीक माती पाण्यात तरंगत येते आणि खाडीत खारं पाणी लागलं की खाली बसते. वाळूचा कण जड असतो. तो तळाशी गडगडत, थांबत, फार हळू सरकतो. वाळू उपसून पडलेला खड्डा पावसाळ्यानंतर भरलेला दिसतो खरा. पण त्यात गाळ बसलेला असतो, नाहीतर शेजारच्या काठाची वाळू घसरून आलेली असते. मग काठ ढासळतो आणि खापर पुरावर फोडलं जातं.

दिघीच्या दक्षिणेला, दिवेआगरच्या पुळणीवर, वाळू परत येताना डोळ्यांनी दिसते. गैरसमज मुरला तो इथेच. पावसाळ्यातल्या लाटा पुळण ओरबाडून वाळू आत, समुद्राच्या तळावर नेऊन ठेवतात. नवरात्रानंतर समुद्र निवळला की मंद लाटा तीच वाळू किनाऱ्यावर ढकलतात. पुढे वारा सुकलेली वाळू उडवतो आणि मर्यादवेल आणि रावणाच्या मिशा नावाचं गवत तिला अडवून टेकडी उभी करतात. उधाणाच्या लाटा आल्या की ही टेकडी आपली वाळू देऊन मागची आगरं वाचवते. म्हणजे परत येते ती किनाऱ्याची स्वतःचीच, हजारो वर्षांत साठलेली वाळू. त्यातली डंपरमध्ये भरून गेलेली वाळू कुठून परत येणार? हे इतकं सरळ असताना दरवर्षी नव्याने समजावून सांगावं लागतं, याचा मनापासून संताप येतो.

“टेकडी म्हणजे पडीक जागा” असं म्हणणाऱ्यांनी 18 जानेवारी 2019 ची किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना वाचावी. वाळूच्या टेकड्या त्यात सर्वांत कडक संरक्षणाच्या सीआरझेड-1 अ वर्गात आहेत. सुशोभीकरणासाठी त्या सपाट करण्यालाही मनाई आहे.

सुरू लावला की किनारा वाचतो, असंही नाही. हे झाड मुळात आग्नेय आशिया-ऑस्ट्रेलियाकडचं. त्याच्या सावलीत आणि पाचोळ्यात टेकडी धरून ठेवणाऱ्या वेली टिकत नाहीत, आणि 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात किती सुरू आडवे झाले ते रायगडकरांनी पाहिलं आहे.

तिवरं म्हणजे घाण नव्हे. तिवरांच्या जंगलातल्याच पांढऱ्या चिप्पीला महाराष्ट्राने 2020 मध्ये राज्य कांदळवन वृक्ष केलं.

मांदाड हे प्राचीन ठिकाण आहे ही दंतकथाही नव्हे. खाडीवरच्या कुड्याच्या 26 लेण्यांतल्या ब्राह्मी लेखांत मांदव महाभोज या स्थानिक अधिपतींची नावं आहेत, आणि मांदव म्हणजेच मांदाड असं अभ्यासक मानतात.

राहिला एक समज: खाडी म्हणजे नदीच, केव्हाही होडी घाला. इथलं पाणी दिवसातून दोनदा उलटं, डोंगराकडे वाहतं. ओहोटीत निघालात तर वरच्या टोकाला होडी चिखलात रुतेल आणि पुढची भरती येईपर्यंत तिथेच बसावं लागेल. किनाऱ्यावरचा जुना हिशेब तिथीच्या पाऊणपटीचा: अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, पौर्णिमेला सव्वाअकराच्या. हा हिशेब खाडीच्या तोंडाचा. मांदाडला पाणी त्यानंतर चढतं, म्हणून निघण्याची वेळ तिथल्या कोळ्यांना विचारूनच ठरवावी.