केंद्रकाची आज्ञा आणि हरितलवकाचे उत्तर

परसातली गुलबक्षी आपण सर्वांनीच पाहिली आहे. तिच्या एका प्रकारात एकाच झाडावर काही फांद्या हिरव्या, काही पांढरट, तर काही चित्रविचित्र ठिपक्यांच्या असतात. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल कोरेन्स यांनी १९०९ साली अशा झाडांचे संकर प्रसिद्ध केले. पराग कोणत्याही फांदीचे असोत, नव्या रोपाच्या पानांचा रंग ठरे तो बी धरणाऱ्या फांदीवरून! आनुवंशिकतेची सारी सूत्रे पेशीच्या केंद्रकात असती, तर पित्याचा वाटाही दिसावयास हवा होता. तो दिसेना. याचे कारण पुढे उलगडले. पानाला हिरवेपणा देणाऱ्या हरितलवकांत स्वतःचे डी. एन. ए. असते, याचा पुरावा १९६२ साली रिस आणि प्लाउट यांनी दिला.

हे हरितलवक मूळचे परके. शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वी एका पेशीने प्रकाशावर जगणारा एक जीवाणू पोटात घेतला. तो पचला नाही, तेथेच नांदू लागला. कालांतराने त्याने आपली बहुतेक कागदपत्रे केंद्रकाच्या दप्तरी जमा केली. आज त्याच्यापाशी सुमारे शंभर जनुके उरली आहेत, आणि प्रथिने तर त्याला हजारांनी लागतात! हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्या रुबिस्को या प्रथिनाचेच पहा. त्याचे आठ मोठे भाग हरितलवकात घडतात. आठ लहान भागांचा हुकूम केंद्रकातून सुटतो. मग हा मेळ बसतो कसा?

केंद्रक हुकूम देते आणि हरितलवक तो पाळते, एवढेच असते तर प्रश्न सोपा होता. परंतु १९७९ साली ब्रॅडबीर आणि सहकाऱ्यांनी बार्लीची पांढरी पाने तपासली. त्यांतील लवकांची प्रथिने बनवण्याची यंत्रणाच नष्ट झालेली होती. नवल हे की, ज्यांचे हुकूम केंद्रकातून सुटतात अशी काही प्रथिनेही त्या पानांत फार घटली होती. म्हणजे लवकाकडूनही केंद्रकाला काही निरोप जात असला पाहिजे.

१९९३ साली जोअॅन चोरी आणि सहकाऱ्यांनी मोहरीच्या कुळातील अराबिडॉप्सिस या लहानशा वनस्पतीवर प्रयोग केला. एका तणनाशकाने लवके निकामी केली की साधे रोप प्रकाश टिपणाऱ्या प्रथिनांचे हुकूम थांबवते. काही सदोष रोपे मात्र, कारखाना जळाला तरी मालाची मागणी चालूच ठेवावी, तशी वागली! अशा दोषाच्या पहिल्या पाच जनुकांपैकी चार जनुके हरितद्रव्य व हीम तयार करण्याच्या रासायनिक मार्गावरची निघाली. आपल्या रक्ताला लाली देणारे हीमच येथे निरोप्या असावे, असा अनेकांचा तर्क आहे. त्यावर अजून एकमत झालेले नाही.

या निरोपावाचून काय बिघडते? हरितद्रव्याला योग्य प्रथिनांचा आधार मिळाला नाही, तर उन्हात त्याच्यामुळे ऑक्सिजनचे दाहक रूप तयार होते आणि पेशी होरपळते. अंधाऱ्या मातीतून डोके वर काढणाऱ्या कोवळ्या अंकुराला पहिल्याच उन्हात हा धोका असतो. पुढल्या वेळी असा अंकुर हिरवा होताना दिसला, तर त्या पानात घडीघडीला जाणाऱ्या-येणाऱ्या निरोपांची आपण आठवण ठेवावी, एवढीच आमची विनंती.